यकृताच्या ऑपरेशनआधी कावीळ उतरवणं: स्टेंट, ताप आणि वाट पाहण्याचे आठवडे

रानजाई

गेले नऊ आठवडे आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो, बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) किती आलं? बाबा ६६ वर्षांचे. सुरुवात खाजेने झाली. रात्र रात्र अंग खाजवत बसायचे, आम्हाला वाटलं त्वचेचं काही असेल. मग लघवी गडद झाली, शौचाचा रंग पांढुरका झाला आणि एके दिवशी डोळे पिवळे दिसले. पोटात दुखणं अजिबात नाही. सोनोग्राफीत यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या होत्या, पण पित्ताशय आणि खालची मुख्य नलिका आकसलेली. बिलिरुबिन १८.

ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे दुसऱ्याच दिवशी ईआरसीपी करून (तोंडातून दुर्बीण घालून) पित्तनलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला. त्याआधी ना सीटी झालं ना एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). "आधी कावीळ उतरवू, मग बघू" असं सांगितलं गेलं. आम्ही हो म्हटलं, त्यांचा पिवळा चेहरा बघवत नव्हता म्हणून. तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप चढला, १०३ पर्यंत. पलंग हलेल इतकं अंग थरथरत होतं. रक्तात जंतू सापडले, अकरा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं.

त्यानंतर यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात नेलं. तिथे सगळी चित्रं नव्याने काढली. यकृतातून बाहेर पडणाऱ्या उजव्या आणि डाव्या नलिका जिथे एकत्र येतात, बरोबर तिथे गाठ आहे आणि ती उजवीकडे जास्त आत गेली आहे. काढायची तर यकृताचा उजवा भाग काढावा लागेल आणि डावा ठेवावा लागेल. आणि स्टेंट होता उजवीकडे! जो भाग जाणार तो वाहता आणि ज्याच्यावर पुढे बाबांनी जगायचं तो तुंबलेला. सर्जननी हे सांगितलं तेव्हा मला पायऱ्यांवर बसावं लागलं.

मग पुन्हा ईआरसीपी करून डावीकडे स्टेंट घातला. उजवीकडे एकदा जंतू शिरले असल्याने तिकडचाही बदलून ठेवला. त्याला चार आठवडे झाले, बिलिरुबिन ४.१ वर आलंय. गेल्या आठवड्यात यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी शीर आतून बंद केली. डावा भाग सध्या २७ टक्के आहे, तो वाढायला हवा म्हणतात. अजून तीन आठवडे थांबायचंय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कॅन्सर आत असताना इतकं थांबणं बरोबर आहे का? आई हे रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं. आणि या काळात घरी काय जपायचं?

ओंजळ

रानजाई, वाचून पोटात कालवलं. माझा अनुभव अगदी उलटा आहे म्हणून लिहिते. माझ्या आईची गाठ नलिकेच्या खालच्या टोकाला होती, स्वादुपिंडात शिरते तिथे. बिलिरुबिन ११ होतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं की स्टेंट घालायचा नाही, आठवड्याभरात थेट ऑपरेशन. तसंच झालं आणि ती बरी आहे. त्यामुळे तुमच्याकडे नऊ आठवडे का, हे मला कळत नाहीये. कुणी जाणकार सांगेल का?

तिन्हीसांज

मी यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांच्या विभागात काम करतो. रानजाईंच्या बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या सर्जनचा शब्द माझ्या वर. पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

ओंजळ, तुमच्या आईंच्या ऑपरेशनमध्ये यकृत कापलं गेलं नाही. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि नलिकेचा खालचा तुकडा निघाला, यकृत पूर्ण शाबूत राहिलं. अशा रुग्णांमध्येही पूर्वी आधी कावीळ उतरवायची पद्धत होती. व्हिपल यांनी १९३५ मध्ये हे ऑपरेशन मांडलं तेच दोन टप्प्यांत: आधी पित्ताला वाट, नंतर गाठ. २०१० मध्ये नेदरलँड्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिलिरुबिन साधारण २.३ ते १४.६ असलेल्या, स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना थेट ऑपरेशन, निम्म्यांना आधी स्टेंट. गंभीर गुंतागुंत थेट ऑपरेशनवाल्यांत ३९ टक्के, स्टेंटवाल्यांत ७४ टक्के. म्हणून आता खालच्या अडथळ्याला सरसकट स्टेंट घालत नाहीत. ताप असेल, कावीळ फारच चढली असेल, ऑपरेशन लांबणार असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तरच घालतात.

रानजाईंच्या बाबांची गाठ यकृताच्या दाराशी, नलिका बाहेर पडतात तिथे आहे. क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये अशा १३ रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हापासून तिला त्यांच्या नावाने ओळखतात. इथे नुसती नलिका कापून भागत नाही. एका बाजूचं यकृत, मागचा लहानसा कॉडेट भाग, नलिका आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथी हे सगळं काढावं लागतं आणि उरलेल्या यकृताच्या नलिका आतड्याला जोडाव्या लागतात. उजवी बाजू काढली तर माणसाच्या यकृताचा साधारण दोन तृतीयांश भाग जातो. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याने त्याच रात्रीपासून पूर्ण काम करायचं आणि वर वाढायचंही. यकृताला ही वाढीची शक्ती आहे. पण पित्त तुंबलेल्या यकृतात पेशी आधीच दुखावलेल्या असतात आणि ती शक्ती मंदावते. शिवाय आतड्यात पित्त न पोहोचल्याने के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. आतड्यातले जंतूही सहज रक्तात उतरतात. या ऑपरेशननंतर माणूस दगावतो तो बऱ्याचदा यकृत थकल्यामुळे. म्हणून इथे वाट पाहतात.

निरोगी यकृत असेल तर २० ते २५ टक्के उरलं तरी चालतं. कावीळ झालेल्या यकृताला आम्ही साधारण ४० टक्के धरतो. २७ आणि ४० यांच्यातलं अंतर भरून काढण्यासाठी ती शीर बंद केली आहे. उजवीकडचं रक्त डावीकडे वळलं की तो भाग वाढू लागतो. ही युक्ती याच कॅन्सरसाठी जपानमध्ये माकुउची आणि सहकाऱ्यांनी वापरली आणि १९९० मध्ये १४ रुग्णांचा अनुभव लिहिला. वाढीला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि पित्त वाहतं असलं तरच ती नीट होते. रानजाई, आईंना हेच सांगा: हे आठवडे उपचारातच मोजायचे. गाठ त्या काळात थांबून राहत नाही हे खरं आहे, म्हणून ऑपरेशनआधी पुन्हा सीटी करतात. पण २७ टक्के तुंबलेल्या यकृतावर ऑपरेशन करण्याचा धोका या काही आठवड्यांच्या धोक्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

ओंजळ, आणखी एक. दाराशी गाठ असलेल्या प्रत्येकालाही ऑपरेशनआधी पित्ताचा निचरा लागतोच असं नाही. २०१३ मध्ये युरोपातल्या अनेक केंद्रांनी ३६६ रुग्णांची माहिती एकत्र केली. उजवी बाजू काढायची होती त्यांच्यात आधी निचरा केलेल्यांचे मृत्यू कमी होते. डावी बाजू काढायची होती त्यांच्यात मात्र निचरा केलेल्यांचेच मृत्यू जास्त. डावा भाग काढला तर मोठा उजवा भाग उरतो, तो कावीळ सोसून नेतो. तिथे नळीतून शिरणारे जंतू फायद्याहून महाग पडतात.

काजवा

माझ्या काकांच्या वेळी पोटाच्या बाजूने, बरगड्यांमधून यकृतात नळी घातली होती (पीटीबीडी). नंतर मी नेदरलँड्सचाच २०१८ मध्ये आलेला अभ्यास वाचला आणि हादरलो. याच गाठीचे ५४ रुग्ण, २७ जणांना तोंडातून स्टेंट, २७ जणांना पोटातून नळी. नळीवाल्यांपैकी ११ दगावले, स्टेंटवाल्यांपैकी ३. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. इतकं स्पष्ट असताना अजूनही पोटातून नळ्या का घालतात? मला यावर खरंच राग आहे.

पाऊलवाट

काजवा, राग समजू शकते. पण माझ्या नवऱ्याचा जीव त्याच नळीने वाचवला. दोनदा ईआरसीपी करूनही तार डाव्या नलिकेत शिरतच नव्हती, ताप हटत नव्हता. पोटातून नळी घातली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सरसकट वाईट म्हणू नका.

तिन्हीसांज

तुम्हा दोघांचंही खरं आहे. तो अभ्यास लहान होता आणि नळीवाल्या गटातले बरेच मृत्यू ऑपरेशननंतरचे होते. गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, साधारण दोन तृतीयांश होतं. म्हणजे स्टेंटही निरुपद्रवी नाही. शिवाय स्टेंट गटातल्या बऱ्याच जणांना पुढे पोटातून नळी घालावी लागलीच. पण ११ विरुद्ध ३ हा आकडा दुर्लक्षून चालत नाही, आणि जमत असेल तिथे तोंडाच्या वाटेने आधी प्रयत्न करण्याकडे अनेकांचा कल आहे.

पोटातल्या नळीचे तोटे: यकृतातल्या रक्तवाहिनीला इजा, रक्तस्राव, नळी सरकणं आणि नळीच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं. फायदा असा की हवा तो नेमका भाग गाठता येतो आणि पित्त किती आणि कसं येतंय ते डोळ्यांना दिसतं. ईआरसीपीचे तोटे: स्वादुपिंडाला सूज (ती टाळायला गुदमार्गे डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन देतात) आणि आतड्यातले जंतू वर चढणं. दाराशी गाठ असली की आत अनेक फांद्या एकमेकींपासून तुटलेल्या असतात. रंगद्रव्य सगळीकडे भरलं आणि सगळ्या फांद्या रिकाम्या करता आल्या नाहीत तर जिथे ते अडकलं तिथे पू धरतो. जपानमधली बरीच केंद्रं तिसरा मार्ग पसंत करतात, नाकातून बाहेर येणारी बारीक नळी. रुग्णाला ती त्रासदायक वाटते, पण पित्त दिसतं, आणि तुंबली तर लगेच कळतं.

खरा घोळ मार्ग निवडताना क्वचितच होतो, तो क्रमात होतो. आधी सीटी आणि एमआरसीपी, मग सर्जनशी बोलून कोणती बाजू ठेवायची ते ठरवणं, मग त्या बाजूला नळी. स्टेंट एकदा बसला की नलिकेच्या भिंती सुजतात, आत हवा शिरते, आणि गाठ कुठवर गेली हे चित्रात धूसर होतं. रानजाईंकडे हेच उलटं झालं. धातूचा उघड्या जाळीचा स्टेंट असता तर ते आणखी अवघड होतं, तो नलिकेत रुतून बसतो आणि काढता येत नाही. ऑपरेशन होणार की नाही हे ठरेपर्यंत तो घालू नये. कावीळ १८ असली तरी ताप नसेल, मूत्रपिंडं ठीक असतील, तर चित्रं काढायला एक-दोन दिवस नक्की असतात. ताप असेल तर मात्र थांबायचं नाही, तुंबलेला पू आधी बाहेर काढायचा, मग तो कुठल्याही बाजूला असो.

रानजाई

"एक-दोन दिवस नक्की असतात." हे वाक्य मला नऊ आठवड्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! आम्ही घाई केली कारण पिवळा रंग म्हणजे घाई असं वाटलं. तिन्हीसांज, मनापासून आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग मोजायला एक वही दे. आता ती रोजचा ताप आणि लघवीचा रंग लिहिते.

पाऊलवाट, तुम्ही घरी कसं सांभाळलंत ते लिहाल का? बाबांना सध्या बाहेरची नळी नाही, पण बिलिरुबिन अडलं तर घालावी लागेल असं बोलून ठेवलंय.

पाऊलवाट

लिहिते. सात आठवडे नळी होती, त्यात जे शिकले ते.

नळी घातली त्याच दिवशी ती त्वचेत शिरते तिथे पेनाने खूण करून घ्या. रोज बघायचं, खूण जागच्या जागी आहे का. आमची एकदा दोन बोटं बाहेर सरकली होती, ते खुणेमुळेच कळलं. पूर्ण निघाली तर स्वतः आत ढकलायची नाही. स्वच्छ पट्टी लावायची आणि त्याच तासाला निघायचं, आतली वाट लवकर मिटते.

पिशवी कायम कमरेच्या खाली. झोपताना पलंगाच्या कडेला अडकवायची, पण नळीला ताण येऊ द्यायचा नाही. किती पित्त आलं ते सकाळ-संध्याकाळ मोजायचं. रंग सोनेरी-पिवळसर किंवा हिरवट असतो. तांबूस झालं, गढूळ झालं किंवा एकदम थांबलं तर फोन. एकदम खूप वाढलं तरीही फोन. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यकृत दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पित्त तयार करतं, ते सगळं पिशवीत गेलं तर पाणी आणि क्षार दोन्ही जातात. नवऱ्याचं सोडियम इतकं उतरलं की तो मला ओळखेना. मी कॅन्सर मेंदूत गेला असं समजून रडत बसले होते, आणि कारण पिशवीत होतं. सलाईनने दोन दिवसांत शुद्धीवर आला. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी रक्तातले क्षार आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) बघायला सांगा.

नळीत सलाईन सोडायला शिकवलं असेल तरच सोडायचं, शिकवलं तितकंच. जोर लावायचा नाही, परत मागे ओढायचं नाही.

आणि ताप. थंडी वाजून ताप आला तर "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. गोळी देऊन ताप उतरवला तरी आत पू तसाच असतो. आमची बॅग दाराशी भरून ठेवलेली असायची, रिपोर्टची फाईल वरच. अर्ध्या रात्री शोधाशोध नको.

तिन्हीसांज

पाऊलवाटांनी लिहिलेलं छापून वॉर्डात लावावं असं आहे. एकच भर: बाहेर आलेलं पित्त काही केंद्रांमध्ये रुग्णाला परत देतात, तोंडाने किंवा आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून. ऐकायला विचित्र वाटतं, पण पित्त आतड्यात पोहोचलं की जीवनसत्त्वं शोषली जातात आणि आतड्याचं अस्तर टिकतं. तुमच्याकडे करतात का, एवढं विचारून बघा. जमत नसेल तर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन तरी वेळेवर घ्या.

दूरदेशी

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या मोठ्या भावाला हीच शंका आहे. सीए १९-९ (या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) खूप वाढलंय, पण नलिकेतून ब्रशने घेतलेल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या नाहीत. एक डॉक्टर म्हणतात सुईने पोटातून तुकडा घेऊ. घ्यावा का?

तिन्हीसांज

दूरदेशी, नुसत्या काविळीनेही सीए १९-९ वाढतं. नळी टाकून कावीळ उतरली की पुन्हा तपासा, त्या आकड्याला जास्त अर्थ असतो. ब्रशमध्ये पेशी न मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. ही गाठ चिवट आणि तंतुमय असते, पेशी सहज सुटत नाहीत, त्यामुळे "नाही मिळाल्या" म्हणजे "नाही" असं धरू नका. पोटातून गाठीत सुई घालण्याआधी मात्र सर्जनना विचाराच. पेशी पसरण्याची भीती असते, आणि निवडक रुग्णांना केमो-रेडिएशननंतर यकृत प्रत्यारोपणाचा जो मार्ग मेयो क्लिनिकने विकसित केला, त्यातून अशी सुई घातलेला रुग्ण बाद होतो. आणि रक्तात आयजीजी४ हे प्रतिपिंड तपासलंय का? ते वाढण्याच्या आजारात हुबेहूब अशीच नलिका आवळते, आणि ती स्टेरॉइडने सुटते. ऑपरेशन करून काढल्यावर कॅन्सर नव्हताच असं निघालेले रुग्ण प्रत्येक मोठ्या केंद्राने पाहिलेत.

दूरदेशी

आयजीजी४ तपासलेलं नाही. उद्याच विचारतो. आभारी आहे.

काजवा

तिन्हीसांज, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. काकांच्या वेळी क्रम काय होता हे मला आठवतही नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. राग नळीवर काढत होतो. रानजाई, बाबांचं कळवत राहा.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधल्या काळात एकदा ताप आला, रात्री अकराला. पाऊलवाट, तुमच्यामुळे बॅग भरलेली होती. डावीकडचा स्टेंट गाळाने तुंबला होता, तो बदलला, दोन दिवसांत ताप गेला. प्लास्टिकचे स्टेंट असे तुंबतातच म्हणाले. बिलिरुबिन १.७. नव्या सीटीत डावा भाग ४१ टक्के, गाठ होती तिथेच. परवा ऑपरेशन.

ओंजळ

परवा दिवसभर तुमची आठवण काढेन.

रानजाई

ऑपरेशनला नऊ तास लागले. उजवा भाग, कॉडेट, नलिका, ग्रंथी, सगळं निघालं. पहिले दोन दिवस बिलिरुबिन वर गेलं, ३.४. आई वही उघडून बसली होती, काही बोलत नव्हती. सर्जननी सांगितलं की पाचव्या दिवशीचं बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आकडा यांवरून उरलेलं यकृत तग धरतंय का ते कळतं, तोवर धीर धरा. आज पाचवा दिवस. बिलिरुबिन २.१, रक्त गोठण्याची वेळ जवळपास नेहमीसारखी. पोटातल्या ड्रेनमधून थोडं पित्त झिरपतंय, ते आपोआप थांबेल असं त्यांना वाटतं. कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का, त्याचा रिपोर्ट अजून यायचाय.

बाबांना आज खुर्चीत बसवलं. त्यांनी स्वतःहून विचारलं, लघवीचा रंग कसा आहे. आईने वही पुढे केली.